रांगेने बांधलेल्या इमारती

जुन्या देवळावर, चर्चवर, मशिदीवर काहीही वाचायला घ्या, पहिलं वाक्य ठरलेलं असतं की अमुक राजाने अमुक साली बांधलं. ठीक आहे, पैसे त्याने दिले, नाव त्याचं लागलं. पण मला इमारतींचे प्लॅन बघत बसायचं व्यसन आहे (हो, असतं असं व्यसन, लोक रात्री रील्स बघतात तसं मी प्लॅन बघते) आणि तीर्थक्षेत्रांचे प्लॅन बघताना सारखं जाणवतं की दार कुठे येणार, जिना किती रुंद, वळण कुठे, हे बऱ्याचदा राजाने नाही, बाहेरच्या रांगेने ठरवलंय. लांबून चालत आलेली, दमलेली, एकमेकांना रेटणारी, आणि काहीही झालं तरी आतल्या त्या एका वस्तूपर्यंत पोचायचंच म्हणून आलेली माणसं. ती वस्तू म्हणजे कधी मूर्ती असेल, कधी कुणा संताची हाडं, कधी नुसता दगड. बांधणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच, की एवढी माणसं तिथपर्यंत न्यायची कशी आणि मुख्य म्हणजे परत बाहेर काढायची कशी.

याचं माझं आवडतं उदाहरण पॅरिसजवळच्या सां-दनीच्या चर्चचं. गॉथिक (उंच, टोकदार कमानींची) शैली इथून सुरू झाली असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि लगेच प्रकाशाचं तत्त्वज्ञान, रंगीत काचा, दैवी तेज वगैरे सुरू होतं. ते खोटं नाही. पण ज्याने हे बांधून घेतलं तो मठाधिपती सुजेर मोठा लिहिता माणूस होता आणि नवं बांधकाम का काढलं त्याची कारणं त्याने स्वतःच लिहून ठेवलीत, त्यात गर्दीचं रडगाणं भरपूर आहे. जुनं चर्च इतकं अपुरं की सणाच्या दिवशी आत शिरलेल्या माणसाला पाय हलवता येत नसे, बायका चेंगरून किंचाळायच्या, काही जणी तर पुरुषांच्या डोक्यांवर पाय देत वेदीकडे जायच्या, आणि पवित्र अवशेष लोकांना दाखवायला उभे असलेले साधू शेवटी इतके कोंडीत सापडायचे की अवशेष घेऊन खिडकीतून पळ काढायचे. खिडकीतून! आता त्याची अतिशयोक्ती धरून चला, नव्या बांधकामासाठी समर्थन गोळा करत होता तो, पण चित्र डोळ्यापुढे येतंच.

मग 1144 साली त्या चर्चचा पूर्वेकडचा नवा भाग उघडला. त्यात वेदीच्या मागून फिरायला दुहेरी मार्ग आहे, त्याला लागून छोटी छोटी चॅपल्स (प्रार्थनेच्या खोल्या) आहेत पण त्यांच्या मधल्या भिंती जवळपास गायबच केल्यात, बारीक खांब आणि वर कमानींच्या फासळ्यांवर तोललेलं छत. भिंत गेली म्हणून प्रकाश आला हे सगळे सांगतात. भिंत गेली म्हणून माणसंही मोकळी फिरायला लागली, हे सांगणारे कमी. मला विचाराल तर सुजेरच्या डोक्यात दोन्ही गोष्टी होत्या आणि त्यातली एक जास्त काव्यमय असल्यामुळे पुस्तकांत तीच पुढे सरकली.

वेदीच्या मागून फिरवायची कल्पना अर्थात त्याची नव्हती. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला संत याकोबाच्या समाधीकडे जाणारे रस्ते फ्रान्सभर पसरलेले, आणि त्या रस्त्यांवरच्या मोठ्या चर्चचे प्लॅन शेजारी शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात. तुलूझचं सां-सेर्नां, काँकचं सेंत-फॉय, आणि खुद्द सांतियागो, ज्याचं काम 1075 साली सुरू झालं. या सगळ्यांची अडचण एकच होती. मठातल्या साधूंना दिवसरात्र ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणायची असते, तीही मधोमध वेदीसमोर, आणि यात्रेकरू काय वेळ बघून येत नाहीत. म्हणून उपाय असा की पश्चिमेच्या दाराने आत या, बाजूच्या पट्ट्याने चालत राहा, क्रुसाच्या आकारातल्या आडव्या भागाला वळसा घाला, वेदीच्या मागून अर्धगोल फिरा, वाटेत एकेका चॅपलपाशी थांबून तिथल्या अवशेषाला नमस्कार करा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. मधे प्रार्थना चालू, कडेने माणसं चालू, कुणाचा कुणाला त्रास नाही. आजच्या भाषेत सर्क्युलेशन प्लॅन, अकराव्या शतकातला, आणि इतका चोख की त्यात सुधारणा सुचवायला जागा कमी.

बरं आता कार्ल्याच्या चैत्यगृहाचा प्लॅन काढून याच्या शेजारी ठेवा. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांची ओळ, ओळीच्या मागे चालायला पट्टा, टोकाला अर्धगोल आणि त्या अर्धगोलात स्तूप, म्हणजे एका बाजूने आत शिरायचं, स्तुपाच्या मागून वळायचं, दुसऱ्या बाजूने परत. फ्रान्समधल्या त्या चर्चच्या जवळजवळ हजार वर्षं आधी, तेही बांधून नाही तर डोंगर पोखरून, आणि कुणी कुणाचं बघून केलंय असा प्रश्नच येत नाही. पवित्र वस्तू मधे ठेवायची आणि माणसांना तिच्याभोवती फिरवायचं म्हटलं की उत्तर असंच येतं बहुतेक.

कार्ल्यात एक गंमत आहे. बाजूच्या खांबांना घडे आहेत, वर गुडघे टेकलेले हत्ती, हत्तींवर जोडपी, एकेक खांब म्हणजे तब्येतीत केलेलं काम. पण स्तुपाच्या मागचे जे सात खांब आहेत ते एकदम साधे अष्टकोनी, खाली घडा नाही वर हत्ती नाही. पैसे संपले म्हणा, मागे अंधार म्हणून कशाला खर्च म्हणा. माझा अंदाज असा की तिथपर्यंत पोचलेल्या माणसाचं लक्ष स्तुपाकडे असणार, खांबाकडे कोण बघतंय, आणि हे कारागिरांना माहीत होतं. तिथल्या एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असं कोरून घेतलंय, म्हणजे जाहिरात तेव्हाही होती. आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं वाचलीत तर त्यात धेनुकाकट गावचे यवन (म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक) दिसतात. व्यापाराच्या वाटेवरची माणसं थांबली, दर्शन घेतलं, एक खांब आपल्या नावाचा केला आणि पुढे गेली.

नावांचा विषय निघालाच आहे तर सांची. मूळ स्तूप अशोकाच्या काळातला, नंतर शुंगांच्या काळात वाढवलेला, आणि ती प्रसिद्ध तोरणं, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वारं, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची. इथे शेकडो दानलेख आहेत आणि त्यात राजेमहाराजे शोधायला गेलात तर निराश व्हाल, कारण त्यात भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी, कुणाची तरी आई, अशीच माणसं भरलीत. कुणी एक फरशी दिली, कुणी कठड्याचा एक दांडा. आजकाल ज्याला क्राउडफंडिंग म्हणून मिरवतात ते हेच की. दक्षिणेच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी हे कोरीवकाम केलं असा लेख आहे, आणि तो वाचल्यावर तोरण वेगळंच दिसायला लागतं. एवढ्याशा पट्टीत झाडं, हत्ती, मिरवणूक, शहराचं दार, गच्चीतून डोकावणाऱ्या बायका, सगळं ठासून भरलेलं, रिकामी जागा म्हणून ठेवलेली नाही. छोट्या वस्तूवर काम करायची सवय असलेला हात मोठ्या दगडाला लागला की असं होत असणार.

आणि सांचीच्या दाराकडे नीट बघा. तोरणातून सरळ आत जाता येत नाही. कठडा तिथे असा वळवलाय की आत शिरलात की समोर अडतं, वळावंच लागतं आणि डावीकडे निघालात की आपोआप प्रदक्षिणा सुरू. चारही दारं अशी, त्यामुळे वरून पाहिलं तर स्वस्तिकासारखा आकार दिसतो. पाटी नाही, ओरडणारा सेवेकरी नाही, दगडच सांगतो कुठे वळायचं ते.

जावामधल्या बोरोबुदूरला हीच युक्ती डोंगराएवढी केली आहे. साधारण 800 च्या आसपासचं शैलेंद्र राजांच्या काळातलं काम, वरवर चढत जाणारे चौकोनी मजले, प्रत्येक मजल्याला दोन्ही बाजूंनी भिंती असलेला अरुंद मार्ग आणि भिंतींवर कथाचित्रं, कथांचे फलकच 1460. ते क्रमाने बघायचे तर नुसतं वर चढून चालत नाही, एकेका मजल्याला परत परत फेऱ्या घालाव्या लागतात. मार्गाला सारखे काटकोन दिलेत त्यामुळे पुढचं फार दिसत नाही, डोळ्यासमोर फक्त पुढची दोनचार चित्रं. मग वरच्या गोल मजल्यांवर आलात की भिंती संपतात, चित्रं संपतात, नुसते जाळीदार स्तूप, 72 आहेत, आणि चहूकडे मोकळं आकाश. म्हणजे थकवणं हा डिझाइनचा भागच आहे. तिथे लिफ्टने वर नेऊन ठेवलं असतं तर त्या आकाशाला काही अर्थ राहिला नसता.

दक्षिणेतल्या देवळांमध्ये उलटाच प्रकार, तिथे देऊळ गर्दीबरोबर बाहेर बाहेर वाढत गेलं. श्रीरंगमला सात प्राकार (भिंतींनी घेरलेली आवारं), एकात एक, बाहेरच्यांमध्ये चक्क वस्ती, बाजार, रस्ते. गाभारा छोटाच राहिला, तो हलवायचा नसतो, त्यामुळे नवीन पैसा आला की नवीन भिंत आणि नवीन गोपुर, आणि प्रत्येक पिढीचं गोपुर आधीच्यापेक्षा उंच. म्हणून जगात इतरत्र शिखर मधे उंच असतं आणि इथे सगळ्यात उंच काय तर सगळ्यात बाहेरचं दार. लांबून येणाऱ्याला आधी तेच दिसतं, झालं की काम.

शहरंच्या शहरं यात्रेकरूंसाठी कापून काढल्याचं बघायचं असेल तर रोम. 1300 साली पोप बोनिफेस आठव्याने पहिलं ज्युबिली वर्ष, म्हणजे रोमला येणाऱ्या यात्रेकरूंना पापक्षमा देणारं खास वर्ष, जाहीर केलं आणि इतकी माणसं लोटली की तिबर नदीवरच्या पुलावर जाणाऱ्यांनी एका बाजूने आणि येणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने चालायचं असा नियम करावा लागला. 1450 च्या ज्युबिलीत त्याच पुलावर चेंगराचेंगरी झाली, गर्दीत एक खेचर अडकलं म्हणतात आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, काही चिरडून काही नदीत पडून. त्यानंतर पुलाच्या तोंडाशी असलेली घरं पाडून जागा मोकळी केली. पुढच्या 1475 च्या ज्युबिलीच्या निमित्ताने आणखी एक पूल बांधला, तो पोंते सिस्तो, अजून आहे. मग सोळाव्या शतकाच्या शेवटी पोप सिक्स्तस पाचवा आला, त्याने मोठ्या चर्चना जोडणारे सरळसोट रस्ते काढले आणि मोक्याच्या ठिकाणी इजिप्तहून आलेले जुने ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) उभे केले, म्हणजे कुठूनही मान वर केली की पुढचा मुक्काम दिसला पाहिजे. सेंट पीटरच्या चर्चसमोरचा, बेर्निनी या शिल्पकाराचा तो 284 खांबांचा अर्धगोल ओवरा तर सगळ्यांना माहीतच आहे. रोमला बरोक शहर म्हणून वाखाणतात ते वाखाणोत, पण त्याच्या मुळाशी अपघातांची आणि वाहतुकीची फाइल आहे हे विसरू नका.

इमारतींचं पुष्कळ झालं. यात्रेवरून माणूस परत येतो तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही, आणि कलेच्या इतिहासात या पिशवीतल्या वस्तूंनी जे केलंय ते मला कधी कधी इमारतींपेक्षाही मोठं वाटतं. सहाव्या शतकात जेरुसलेमहून लोक दिव्यातलं पवित्र तेल छोट्या धातूच्या कुप्यांमध्ये भरून न्यायचे. त्या कुप्यांवर ख्रिस्ताच्या रिकाम्या थडग्यापाशी आलेल्या बायकांचं चित्र ठोकलेलं असतं, पण थडगं म्हणून दाखवलंय काय तर बायबलमधली गुहा नाही, यात्रेकरूंनी प्रत्यक्ष पाहिलेली तिथली जाळीबिळी लावलेली वास्तू! म्हणजे कथा पहिल्या शतकातली आणि सेट त्यांच्या स्वतःच्या काळातला. कुप्या युरोपात पोचल्या, त्यांच्याबरोबर चित्रही पोचलं.

बोधगयेचं तसंच. महाबोधी मंदिराच्या छोट्या छोट्या दगडी प्रतिकृती नेपाळ, तिबेट, ब्रह्मदेश अशा ठिकाणी सापडल्यात, हातात मावतील एवढ्या. आणि मग तेराव्या शतकात ब्रह्मदेशात बगानला एक महाबोधी उभं राहिलं, पंधराव्या शतकात थायलंडमध्ये च्यांग माईला एक, आणि 1473 मध्ये बीजिंगला पाच शिखरांचं एक. तिन्ही मूळ मंदिराची आठवण करून देतात आणि तिन्ही एकमेकांसारखी दिसत नाहीत, कारण खिशातल्या खेळण्यावरून आणि ऐकीव वर्णनावरून इमारत मोठी करायची म्हटलं की मधे बरंच काही आपल्या मनाने भरावं लागतं. मला हे चुकीचं वाटत नाही. जेरुसलेमच्या त्या पवित्र थडग्याच्या चर्चच्या नकला युरोपभर झाल्या, इंग्लंडात केंब्रिजला 1130 च्या सुमाराचं एक गोल चर्च आहे, त्यांचंही तेच. गोल आकार आला, खांबांचा आकडा जुळला की त्यांच्या दृष्टीने झाली नक्कल. फोटोसारखं हुबेहूब दिसायला हवं हा आपला हट्ट आहे, त्यांचा नव्हता.

ज्यांना जाताच येत नाही त्यांच्यासाठी तर आख्खं क्षेत्रच घरी आणायचे. उत्तर इटलीत वराल्लोला 1491 पासून एका टेकडीवर जेरुसलेम बांधायला घेतलं, कारण खऱ्या जेरुसलेमचा प्रवास धोक्याचा झाला होता. चाळीसहून जास्त चॅपल्स, प्रत्येकात ख्रिस्ताच्या आयुष्यातला एकेक प्रसंग माणसाएवढ्या रंगवलेल्या पुतळ्यांनी उभा केलेला, काही पुतळ्यांना खरे केस, मागे भिंतीवर चित्र आणि कुठे पुतळा संपतो आणि चित्र सुरू होतं ते कळत नाही. गौदेन्झियो फेरारीसारख्या चित्रकाराने तिथे काम केलंय. अभिरुची वगैरे म्हणणारे नाक मुरडतात, जत्रेतल्या देखाव्यासारखं आहे म्हणून. मला तर ते थ्रीडी सिनेमाचं पणजोबाच वाटतं.

आणि गुटेनबर्ग! छपाईवाला. जर्मनीत आखेनला दर सात वर्षांनी पवित्र वस्त्रं लोकांना दाखवायचे, गर्दीत जवळ जाता यायचं नाही, म्हणून यात्रेकरू छोटा आरसा लावलेला बिल्ला वर धरायचे, त्या वस्त्रांचं तेज आरशात पकडलं जातं अशी श्रद्धा. गुटेनबर्गने स्ट्रासबुर्गला भागीदार जमवून 1439 च्या यात्रेसाठी असे आरसे मोठ्या संख्येने बनवायचा धंदा काढला, आणि यात्रा एक वर्ष पुढे ढकलली गेली. माल पडून, पैसा अडकलेला, एक भागीदार वारला, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या कोर्टाच्या कागदांमुळेच आपल्याला हे कळतंय. धातूचा एकसारखा माल घाऊक प्रमाणात काढायचा अनुभव त्याला तिथे मिळाला असणार, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कालीघाटची चित्रंही यात्रेकरूंसाठीच. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या काली मंदिराबाहेर पटुआ, म्हणजे पट रंगवणारे चित्रकार, बसायचे, गिरणीचा स्वस्त कागद, पाण्याचे रंग, आणि भराभर माल निघाला पाहिजे म्हणून पार्श्वभूमी कोरी, कुंचल्याच्या एका लांब फटकाऱ्यात देवीचा दंड. घाई आणि स्वस्ताई यातून ती रेघ आली आणि आज ती म्युझियममध्ये आधुनिक म्हणून टांगलेली असते. मग यंत्रावर छापलेली रंगीत चित्रं आणखी स्वस्त मिळायला लागली आणि पटुआंचा धंदा बसला. इजिप्तमध्ये उलट, हज करून आलेल्या माणसाच्या घराच्या भिंतीवरच चित्रं काढतात, काबा, बोट, विमान, कधी सिंह, वर हजचं साल. हे मी फोटोंतच पाहिलंय पण त्यातलं विमान मला फार आवडतं, डोम आणि मिनारांच्या शेजारी एकदम नीट खिडक्या मोजून काढलेलं विमान.

हजवरून आठवलं, रांगेने इमारत घडवणं काही संपलेलं नाही. जेद्दाच्या विमानतळाचं हज टर्मिनल 1981 चं, एसओएम या अमेरिकन वास्तुरचना कंपनीचं, त्यात इंजिनिअर फझलुर रहमान खान. तंबूसारखी 210 छतं, टेफ्लॉन लावलेल्या फायबरग्लासच्या कापडाची, भिंती जवळपास नाहीतच, गरम हवा वरच्या भोकातून निघून जाते. वर्षातले थोडेच आठवडे प्रचंड गर्दी आणि एरवी रिकामं, अशा जागेला एसीचा बंद डबा बांधणं म्हणजे वेडेपणा, म्हणून हे. आणि मक्केजवळच्या मिनाला हजमधली सैतानाला खडे मारायची जागा, तिथे आधी तीन खांब होते. लोक चारी बाजूंनी मारायचे, पलीकडच्यांना लागायचे, खांबाभोवती माणसांची गाठ बसायची. 2004 मध्ये खांबांच्या जागी लांब भिंती आल्या म्हणजे माणसं एका दिशेने चालत चालत मारतील, तरी 2006 ला चेंगराचेंगरीत साडेतीनशेच्या आसपास लोक गेलेच, मग जुना पूल पाडून अनेक मजली नवा बांधला. शेकडो वर्षांच्या विधीतल्या वस्तूचा आकार क्राउड इंजिनिअरिंगने बदलला आणि विधी चालू राहिला. सुजेरला हे लगेच कळलं असतं.

पण याच पायांनी झीजही होते. इंग्लंडातल्या कँटरबरीला संत थॉमस बेकेटची समाधी 1538 मध्ये उखडून टाकली, पण तिच्याभोवतीचा दगड गुडघे टेकून टेकून झिजलाय तो तसाच आहे. सांतियागोच्या पोर्तिको दे ला ग्लोरिया या प्रवेशमंडपात, शिल्पकार मास्टर मातेओचं काम, 1188 ला दारावरच्या आडव्या दगडी पट्ट्या बसवल्या, तिथल्या मधल्या संगमरवरी खांबावर येणारा प्रत्येक जण हात ठेवायचा आणि शतकानुशतकं एकाच जागी हात ठेवल्यामुळे दगडात पाच बोटांचे पाच खड्डे पडलेत. चांगले खोल. फोटो मोठा करून बघा, बोटं कशी बसतील ते कळतं. आता तिथे हात लावायला बंदी आहे. जतन करणाऱ्यांचं बरोबर आहे, रंगाचे अवशेष राहिलेत त्यावर, ते गेले तर गेले. पण ते खड्डे मातेओच्या शिल्पाइतकेच जपण्यासारखे आहेत आणि ते अर्ध्यावर थांबवलेत असं मला वाटत राहतं. यावर माझं मत दर सहा महिन्यांनी बदलतं.

बोरोबुदूरवाल्यांनी मधला मार्ग काढलाय. 2023 मध्ये वर चढायला दिवसाला 1200 माणसांचीच मर्यादा घातली, आणि स्वतःचे बूट काढून तिथल्या मऊ तळाच्या चपला घालायच्या, पायऱ्या झिजू नयेत म्हणून. उपानत म्हणतात त्यांना. आणि त्या चपलांचं डिझाइन घेतलंय कुठून, तर तिथल्याच तळच्या भिंतीवरच्या एका शिल्पातल्या माणसाच्या पायातून.